मिरजगावचे काळजीवाहू

जगात एकूण जेवढी काळजी आहे तिच्यातली निम्मी आमच्या शेजारचे नार्वेकर एकटे करतात, आणि उरलेली निम्मी आपल्या हातून कशी सुटली याचीही त्यांना काळजी असते. नार्वेकर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोकणातला, पंचाने मान पुसणारा कोणी गृहस्थ आला असेल तर त्याला आधी परत पाठवा. आमचे नार्वेकर नॉर्वेचे. उंची सहा फुटांच्या वर, भुवयासुद्धा पिवळट पांढऱ्या, आणि मिरजगावच्या उन्हात बाराही महिने सोललेल्या गाजरासारखा दिसणारा चेहरा. त्यांचं खरं नाव उच्चारायला गेलं की जीभ टाळूला अडकते. ते गावात आले त्या आठवड्यात एका दूधवाल्यानं विचारलं, "सायेब कुठले?" उत्तर आलं, "नॉर्वे." "म्हंजे नार्वेकर," असं म्हणून तो पुढे निघाला, आणि पासपोर्टावर काहीही लिहिलेलं असो, गावापुरता प्रश्न मिटला. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. मध्यरात्रीच्या सूर्याचा देश कोणता, हा एका गुणाचा प्रश्न मी हयातभर विचारला. पण त्या देशाचा माणूस एके सकाळी माझ्या फाटकाशी उभा राहून "सर, तुमच्या विहिरीला झाकण का न्हाई?" असं विचारील, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

ते इथे आले ते रूथताईंमुळे. रूथताई म्हणजे त्यांची बायको, आणि आमच्याच शाळेतल्या जुन्या मास्तरांची मुलगी. नर्स म्हणून ती तिकडे गेली, तिथल्या दूध डेअरीत काम करणाऱ्या या लांबलचक माणसाशी लग्न करून बसली, आणि मास्तरांनी अंथरूण धरलं तेव्हा काही महिन्यांसाठी म्हणून दोघं मिरजगावला आली. मास्तर गेले, ही दोघं राहिली. का राहिली, याचं कारण हायवेजवळच्या गटारात आहे. तिथला पनीर करणारा रोज सकाळी पनीरची निवळी, म्हणजे दूध नासवल्यावर उरणारं हिरवट पाणी, पिंपंच्या पिंपं ओतून द्यायचा. नार्वेकरांनी ते पाहिलं आणि त्यांचं मन थाऱ्यावर राहीना. त्यांच्या देशात ही निवळी साय घालून तासन्‌तास आटवतात आणि तिचं तपकिरी रंगाचं, गोडसर-खारट चीज करतात. दुसरा कोणी असता तर यात धंदा दिसला म्हणून खूश झाला असता. यांना नुकसान दिसलं. तीन रात्री त्यांना झोप नाही, असं रूथताई सांगतात, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या गोठ्यात चूल पेटवली. अशा रीतीनं आमच्या गावात एक कारखाना निघाला. आज त्यांच्याकडे गावातली डझनभर माणसं कामाला आहेत आणि पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत माल जातो. गावात मात्र त्याला कोणी चीज म्हणत नाही. "नार्वेकरांची वडी" म्हणतात. पहिल्यांदा चाखली तेव्हा माझ्या बायकोनं तोंड वाकडं करून "खवा करपलाय आणि साखरेऐवजी मीठ पडलंय" असा निकाल दिला होता. आता तीच बाजरीच्या गरम भाकरीवर ती वडी किसून घेते. किसायला नार्वेकरांनी तिला सुताराच्या रंध्यासारखं एक पातं दिलं आहे, आणि ते देताना बोट कापलं तर काय करायचं हे तिला अर्धा तास समजावलं आहे.

त्यांचं मराठी हा एक वेगळाच पदार्थ आहे. निम्मं रूथताईंच्या घरचं, चर्चमधलं भारदस्त. निम्मं दूध घालायला येणाऱ्या धनगरांकडून उचललेलं. त्यामुळे "सर, आपण मजवर कृपा करा, लाईट लई येळ गेलीया" अशी वाक्यं ते सहज बोलून जातात. या दोन्ही मराठींतून त्यांनी एक शब्द मात्र असा उचलला की तो त्यांच्यासाठीच भाषेत आला असावा. तो शब्द "समजा". समजा, टेम्पो पंक्चर झाला. समजा, स्टेपनीही पंक्चर निघाली. समजा, पंक्चरवाला लग्नाला गेला. चौथ्या समजाला समोरच्या माणसाला घाम फुटतो आणि टेम्पो अजून दारातच उभा असतो. वीज जाईल म्हणून त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, तो बिघडेल म्हणून जनरेटर आहे, आणि जनरेटर सुरू झाला नाही तर म्हणून माझ्या घरातल्या फ्रिजचा एक कप्पा त्यांनी कायमचा मागून घेतला आहे. दर महिन्याला एकदा ते शिट्टी फुंकतात. मग कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम टाकून लिंबाच्या झाडाखाली धावतात, कारण समजा आग लागली. एकदा कर्जतचे कोणी पाहुणे मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. शिट्टी झाली तशी तेही पत्रिकांची पिशवी छातीशी धरून धावले आणि धापा टाकत झाडाखाली विचारू लागले, "काय झालं हो?" "काही झालं नाही," नार्वेकर समाधानानं म्हणाले, "फार उत्तम पळालात."

हायवेची तर त्यांनी धास्तीच घेतली आहे. दूधवाल्यांना त्यांनी अंधारात चकाकणारी जाकिटं वाटली. ती कोणी अंगात घालीना. एकानं म्हशीच्या पाठीवर टाकली, दुसऱ्यानं शेतात बुजगावण्याला घातली. तेव्हा त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि थेट हौसाबाईंच्या शेळ्या धरल्या. हौसाबाई ही त्यांना शेळीचं दूध घालणारी म्हातारी. तिचा कळप रोज दिवेलागणीला हायवे ओलांडून घरी येतो. नार्वेकरांनी एकेका शेळीच्या गळ्यात चकाकता पट्टा बांधला. त्या संध्याकाळी सोलापूरकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याला समोर रस्ताभर लखलखाट दिसला. तपासणी नाका लागला असं समजून त्यानं ट्रक बाजूला घेतला, क्लीनरला सीटचा पट्टा लावायला सांगितलं आणि कागद हातात घेऊन खाली उतरला, तर पुढ्यात शेळ्या. "म्या त्याला म्हनलं, दाखव की लायसन," हौसाबाई अजून सांगते. पण तेव्हापासून तिची एकही शेळी हायवेवर गाडीखाली गेलेली नाही, हेही तीच सांगते.

अशा माणसाला मी माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं केलं. लग्न ऐन मे महिन्यात, हायवेवरच्या मंगल कार्यालयात. मुलाकडची मंडळी श्रीगोंद्याची, उसाची, मोठ्या गोतावळ्याची. "कधीही या," असं मी म्हणालो, तर ते व्याकूळ झाले. "कधीही म्हणजे किती वाजता, सर?" शेवटी ते मांडववाल्याच्याही आधी येऊन बाहेर उभे राहिले. कोणाच्या डोळ्यात अक्षता जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः कारखान्यातला गॉगल लावला होता आणि खिशात आणखी दोन ठेवले होते, भटजी आणि नवरदेवासाठी. दोघांनीही ते घेतले नाहीत. आहेर म्हणून त्यांनी एवढी मोठी वडी आणली की ती दोघांनी धरून आत नेली. जेवणात मठ्ठ्याबरोबर प्रत्येक पानावर तिचा एकेक तुकडा पडला. मुलाचे काका म्हणाले, "सर, व्याही बी भारी, आन् शेजारी बी फॉरेनचा. आमची कॉलर टाइट." मी त्या दिवशी जन्मात झालो नव्हतो इतका निर्धास्त झालो होतो.

दुपार कलली आणि विहीणबाई पोट धरून खाली बसल्या. त्यांच्या मागोमाग त्यांची जाऊ, मग माझा मेहुणा, मग एकेक करत पंगतीतली कितीतरी माणसं. पाठवणीची वेळ, मुलगी हिरव्या शालूत उभी, आणि तिची सासू कार्यालयाच्या व्हरांड्यात ओकते आहे. बायको रडू लागली. कोणी लिंबू मागत होतं, कोणी सोडा, कोणी देवाचा अंगारा. त्या गोंधळात एकच माणूस शांत होता. ज्या माणसाला स्टेपनीच्या विचारानं घाम फुटायचा, तो माणूस सावकाश चालत आपल्या टेम्पोपाशी गेला आणि त्यानं आतून साखर-मिठाच्या पुड्यांचं खोकं, उकळलेल्या पाण्याचे कॅन आणि बादल्या काढल्या. "रूथ, आधी म्हातारी माणसं," ते म्हणाले. "सर, तुमी गाड्या मोकळ्या करा. जे बसू शकतात ते जीपमध्ये, जे न्हाई ते माझ्या टेम्पोत." रूथताई नाड्या बघत होत्या. तासाच्या आत सगळे दवाखान्यात पोचले होते. तेव्हा मला कळलं, की हा दिवस त्या माणसाच्या डोक्यात रोज उगवत होता. आमच्यासाठी तो आज उजाडला एवढंच.

दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या टांगून झाल्या आणि माणसांना कारण शोधायला सवड मिळाली. मुलाचे काका, मघाशी कॉलर टाइट झालेले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सर, आमी आजवर हजार लग्नं जेवलो. बुंदी खाल्ली, मठ्ठा प्यालो, कधी काय झालं न्हाई. ह्या लग्नात नवं काय हुतं? त्या गोऱ्याची ती तपकिरी वडी!" माझी मुलगी आत सासूच्या पायथ्याशी बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात नार्वेकर बादली धुऊन आत आले. त्यांनी ते ऐकलं होतं. गावातली दोन-चार माणसं डोळ्यांनी त्यांना खुणावत होती, की नाही म्हणा, ठणकावून नाही म्हणा. ते काकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "समजा, माझंच असंल."

काका गांगरले. भांडायला आलेल्या माणसाला निदान एक नकार तरी लागतो.

"म्हंजे तुमी कबूल करताय?"

"न्हाई. मला म्हाईत न्हाई. म्हणून मी कारखाना बंद केला आहे. अन्न खात्याला मीच फोन केला. ते येतील, माझी वडी नेतील, मठ्ठा नेतील, पानी नेतील. मग कळंल." आणि त्यांनी विचारलं, "आपल्या वहिनींना पानी पचलं का?"

दुसऱ्या दिवशी अन्न खात्याचा माणूस आला आणि सगळ्याचे नमुने बाटल्यांत भरून घेऊन गेला. मग सुरू झालं वाट पाहणं. पुण्याची हॉटेलं फोनवर फोन करत होती. नार्वेकर प्रत्येकाला स्वतः होऊन सांगत होते, की माझ्या मालाविषयी शंका आहे, घेऊ नका. कारखान्यातली माणसं लिंबाखाली बसून राहायची. शिट्टी नव्हती, तरी तिथेच बसायची. विहीणबाईंचा ताप उतरत नव्हता. मुलगी सासरी जायच्या आधीच सासरच्यांची तोंडं फिरली होती. मी रोज सकाळी नार्वेकरांकडे डोकवायचो, तर ते स्वयंपाकघरात गेल्या महिन्यातलं एकेक भांडं आठवत बसलेले असायचे. "सर, त्या मंगळवारी मी झाकण दोनदा पुसलं होतं का तीनदा?" रूथताई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तो जेवत नाहीये. मला भीती वाटते. माझ्यामुळे तो इथे आला. यातून तो उभा राहिला नाही तर मी त्याला कुठे घेऊन जाऊ?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी ऐकला नव्हता, त्या घरातलं ते खातं दुसऱ्याकडे होतं.

मग एका दुपारी हौसाबाई आली. कारखान्याच्या बंद दारासमोर तिनं बैठक मारली आणि पदराच्या गाठीतून कागदात गुंडाळलेला एक तपकिरी तुकडा काढला. लग्नातला. नातवासाठी म्हणून बांधून नेलेला आणि विसरलेला. आजूबाजूला माणसं जमली. नार्वेकरांनी खिडकीतून पाहिलं आणि चप्पल न घालताच धावत बाहेर आले.

"हौसाबाई, न्हाई! तोंडात घालू नका! निकाल आला न्हाई!"

"मला कशाला पायजे निकाल?"

"समजा, तुमाला काही झालं?"

"मेले तर माज्या वयानं मरन, तुज्या वडीनं न्हाई," असं म्हणून तिनं तुकडा तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चघळत बसली. हयातीत तिला ती वडी आवडली नव्हती. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. नार्वेकर तिच्या शेजारी मातीत बसले. "एका माणसावरून काही सिद्ध होत न्हाई, हौसाबाई. लई माणसं तपासावी लागतात."

"सिद्द कोनाला करायचंय? भूक लागली हुती मला."

तिन्हीसांज होईपर्यंत ते तिची नाडी धरून बसले. अधूनमधून विचारत, पोटात दुखतं का? ती म्हणे, हात सोड रं, लोक बघत्यात. अखेर शेळ्या एकट्याच घरी निघाल्या तशी ती उठली आणि जाताना त्यांच्या डोक्यावर, म्हणजे हात पोचला तिथे, दंडावर, थापटून गेली. त्या दिवशी ते जेवले, असं रूथताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा ताप उतरला. त्या घरी गेल्या आणि दोन दिवसांनी मी मुलीची पाठवणी केली.

निकाल आला तेव्हा वडी निर्दोष होती. दोष निघाला मठ्ठ्यातल्या बर्फात. बर्फवाल्याची पाण्याची टाकी खराब झाली होती. मी निकाल ऐकून अक्षरशः नार्वेकरांना मिठी मारायला गेलो, म्हणजे त्यांच्या कमरेला. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा काळवंडला. "सर, तो बर्फवाला. त्याचं आता काय होईल? त्याला झोप लागत न्हाई असंल." संध्याकाळी मी पाहिलं तर ते त्या बर्फवाल्याच्या टाकीत आत उतरून घासत होते, आणि तो बिचारा वर उभा राहून रडत होता. काका आले ते पुढच्या आठवड्यात, उसाच्या रसाची घागर घेऊन. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. "वहिनीनं वडी मागिटलीय," एवढंच ते म्हणाले. "तिच्या पानावरचा तुकडा त्या दिवशी मीच खाल्ला हुता." नार्वेकरांनी त्यांना वडी दिली, आणि घागर उघडी का आणली म्हणून वर रागावले.

कारखाना पुन्हा सुरू झाला. पुण्याची काही हॉटेलं परत आली, काही आली नाहीत. माणूस मात्र थोडा वाकला आहे, असं मला उगाचच वाटतं. परवा, थंडीत, मी दुपारी सहज त्यांच्याकडे गेलो, तर ते ओट्यावर उन्हात बसून फोनवर त्यांच्या भाषेत बोलत होते. आवाज इतका हळू, की हे तेच गृहस्थ का अशी शंका यावी. रूथताई चहा घेऊन आल्या. "आईशी बोलतोय," त्या म्हणाल्या. "नव्वदीच्या पुढे आहे. एकटीच असते. दर रविवारी." मी विचारलं, काय म्हणतात? त्यांनी जरा कान दिला. "ती विचारतेय, कसा आहेस. तो म्हणतोय, काळजीत आहे. ती म्हणाली, मग ठीक आहेस." आम्ही दोघंही हसलो. नार्वेकर हसले नाहीत. ते पुढे एकच वाक्य दोन-तीनदा म्हणत राहिले. रूथताईंचं हसू जरा मावळलं. "तिकडे बर्फ पडलाय. विचारतोय, दारापुढच्या पायरीवर मीठ टाकलं का, म्हणजे पाय घसरत नाही. ती म्हणते, शेजारचा टाकून जातो. तो म्हणतो, आणि समजा, तो विसरला?"

मी चहा संपवला आणि घरी आलो. ऊन कलायला लागलं होतं. बायको भाजी निवडत होती. मी श्रीगोंद्याला मुलीला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, सासूबाई बऱ्या आहेत, ऊस तुटायला आलाय. ठेवताठेवता मी विचारलं, "बेटा, जिना जपून उतरतेस ना?"

"बाबा, आमच्याकडे जिनाच नाही."

"नसू दे," मी म्हणालो. "तरी जपून."